ट्रॉलीच्या जॅकास व्हॉल्व कोणता घ्यावा?

सांप्रत आपल्या भागांत असें गांव विरळें, कीं जेथें ट्रॅक्टरच्या मागें हायड्रॉलिक जॅकची ट्रॉली चालत नाहीं. शेणखत, मुरूम, मळी, खडी, तलावांतील गाळ, सर्व कांहीं या ट्रॉलींतून वाहिलें जातें. चार गडी फावडीं घेऊन ज्या कामास तासभर घालवीत, तें काम आतां ड्रायव्हर एक दांडा ओढून अर्ध्या मिनिटांत करतो. ही सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु ट्रॉली विकत घेतांना शेतकरी काय काय विचारतो, हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं लक्षपूर्वक ऐकिलें आहे. पत्रा किती जाडीचा, टायर कोणते, ॲक्सल किती टनांचा, जॅक किती वजन उचलील, इतके प्रश्न होतात. उचललेलें वजन खालीं कसें येईल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच होय. आणि जॅकच्या तेलाचा प्रवाह आवरणारा जो लहानसा नग, ज्यास बाजारांत फ्लो कंट्रोल व्हॉल्व म्हणतात, त्याची निवड या एकाच प्रश्नावरून झाली पाहिजे.

वर जातांना ओझें पंपाच्या ताब्यांत असतें. पंप दर मिनिटास जितकें तेल देतो तितक्याच गतीनें जॅक चढतो. वजन अधिक झालें तर तेलाचा दाब वाढतो, गति वाढत नाहीं. आणि दाब मर्यादेबाहेर गेला तर रिलीफ व्हॉल्व उघडून तेल टांकीकडे परततें. म्हणजे चढतांना यंत्र आपली काळजी आपण घेतें. उतरतांना पंपाचा कांहीं संबंध राहात नाहीं. दांडा उतरणीकडे नेला कीं जॅकमधील तेल वरील ओझ्याच्याच दाबानें बाहेर पडूं लागतें, आणि तें किती वेगानें पडावें हें ठरविणारें वाटेंतील छिद्राखेरीज दुसरें कांहीं नसतें.

ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस ही गोष्ट लवकर समजेल. मोट भरून वर येई व रिकामी खालीं जाई. बैल धांवेवरून मागें सरत, आणि रिकाम्या मोटेचें वजन आवरणें त्यांस जड नसे. भरलेली मोट परत विहिरींत सोडण्याचा प्रसंग क्वचितच येई, व आला तर मोटकऱ्याची तारांबळ उडे. ट्रॉलीचेंहि तसेंच आहे. ती बहुधा रिकामी उतरते, आणि म्हणूनच तिचा व्हॉल्व रिकाम्या ट्रॉलीवर लावून, रिकाम्या ट्रॉलीवर पाहून, ठीक आहे असें ठरवून टाकण्यांत येतो. पण ओला गाळ पत्र्यास चिकटून बसला, फाळक्याची खिटी अडकली, अथवा एका बाजूचें चाक भुसभुशीत रानांत रुतून ट्रॉली कलूं लागली, म्हणजे भरलेली ट्रॉली तशीच खालीं घेण्यावांचून गत्यंतर नसतें. व्हॉल्वची खरी गरज त्याच घटकेस असते, आणि नेमका त्याच घटकेस हलका व्हॉल्व दगा देतो.

सन २०१७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, व तेव्हांपासून तलावांतील गाळ शेतांत नेण्याचें काम पुष्कळ वाढलें. गाळ हें चांगलें खत आहे, पण ट्रॉलीच्या दृष्टीनें तें वाईट ओझें आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ज्यांनीं गौण खनिजाच्या परवान्यांचे हिशेब लिहिले आहेत त्यांस हें माप तोंडपाठ असतें. एक ब्रास चांगलें कुजलेलें शेणखत फार ओलें नसेल तर दोन टनांच्या आंतबाहेर भरतें. तेवढाच ओला गाळ पावणेपांच ते पांच टन भरतो. ट्रॉली तीच, माप तेंच, दिसण्यांतहि फारसा फरक नाहीं. पण मालाचा भार अडीचपट झालेला असतो, आणि ड्रायव्हर मात्र कालच्याच हातानें दांडा ओढतो.

आतां थोडा हिशेब मांडूं. वाचकांनीं कंटाळूं नये, हा हिशेब एकदां केला म्हणजे दुकानदारापुढें आपली मान ताठ राहाते. समजा, जॅकचा आंतील व्यास १० सेंटिमीटर आहे व दांडी १०० सेंटिमीटर बाहेर येते. जॅकच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ७८.५ चौरस सेंटिमीटर होतें, आणि पूर्ण चढलेल्या जॅकमध्यें ७.८५ लिटर तेल मावतें. पंप दर मिनिटास २५ लिटर तेल देत असेल तर चढण्यास सुमारें १९ सेकंद लागतील. उतरण्यास आपण ३० सेकंद द्यावयाचे ठरविलें, तर व्हॉल्वमधून दर मिनिटास १६ लिटरांहून अधिक तेल जातां कामा नये. हा १६ चा आंकडाच आपल्या व्हॉल्वची पहिली ओळख होय. पाऊण इंची कीं अर्धा इंची, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आट्यांच्या मापावरून व्हॉल्व मागणें म्हणजे बैलाची पारख त्याच्या वेसणीवरून करण्यासारखें आहे.

दुसरा आंकडा दाबाचा. रिकामा सांगाडा एक टनाचा धरला व जॅक मध्याजवळ बसविला असला, तर ढोबळ मानानें तेलावर दर चौरस सेंटिमीटरास १३ किलो दाब येतो. त्यांत पांच टन गाळ भरला म्हणजे एकंदर सहा टन होऊन दाब ७६ किलोपर्यंत जातो. साध्या छिद्रांतून जाणारें तेल दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतें. दाब सहापट झाला तर प्रवाह सहापट होत नाहीं हें खरें, पण जवळजवळ अडीचपट होतो. म्हणजे जी ट्रॉली रिकामी असतां २५ सेकंदांत सावकाश खालीं येते, तीच भरलेली असतां १० सेकंदांत कोसळल्यासारखी येते. व्हॉल्वच्या गुंडीस कोणीं हात लावलेला नसतो, ती घट्ट बसविलेली असते. तरी असें होतें. घाबरून ड्रायव्हरनें दांडा एकाएकीं मधोमध आणला, तर सहा टनांचें धांवतें ओझें बंद झालेल्या तेलावर आदळतें, दाब क्षणांत कित्येक पटींनीं चढतो, आणि जुनी होज नळी त्याच वेळीं फुटते.

बाजारांत या कामासाठीं मुख्यतः तीन प्रकारचे व्हॉल्व मिळतात. पहिला सुईचा. त्यांत एक टोंकदार सुई छिद्रांत फिरते व दोन्ही बाजूंनीं सारखाच अडथळा करते. तो स्वस्त असतो. पण उतरणें आवरावयास गेलें तर चढणेंहि मंदावतें, पंपाचें जादा तेल रिलीफ व्हॉल्वमधून परत जाऊं लागतें आणि तापतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचें व गिअरपेटीचें तेल एकच असतें, म्हणून हा ताप दोन्हीकडे पोंचतो. काटकसरीसाठीं कोणी कोणी पाण्याच्या नळाचा बॉल कॉकच मध्यें बसवितात. त्याविषयीं लिहिण्यांत कागद खर्च करण्याची आमची इच्छा नाहीं.

दुसरा एकमार्गी. त्यांत सुईच्या जोडीस एक झडप असते. तेल जॅककडे जातांना झडप उघडते व वाट मोकळी होते. परत येतांना झडप मिटते व तेलास सुईच्या फटींतूनच यावें लागतें. चढणें पूर्ण वेगानें, उतरणें आवळून, असें काम तो करतो. हा उलटा बसला तर फळहि उलटें मिळतें. अंगावर बाण असतो, पण कांहीं कारखानदार मोकळ्या वाटेकडे बाण दाखवितात तर कांहीं आवळलेल्या वाटेकडे. म्हणून बाणाचा अर्थ विकणाऱ्याकडून चित्रासह समजून घ्यावा. इतकें करूनहि वर सांगितलेला अडीचपटीचा दोष या प्रकारांत राहातोच, कारण छिद्र अखेर साधेंच असतें.

तिसरा प्रकार दाबाची भरपाई करणारा. दुकानांत त्यास प्रेशर कॉम्पेन्सेटेड म्हणून मागावें. त्याच्या पोटांत स्प्रिंगवर तोललेली एक लहान दांडी असते. ओझ्यामुळें दाब वाढला कीं ही दांडी आपोआप सरकून वाट अरुंद करते, व मुख्य छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक जवळजवळ कायम ठेवते. फरक कायम, म्हणून प्रवाहहि कायम. गुंडी १६ लिटरांवर लावली असेल तर शेणखत असो कीं गाळ असो, १६ लिटरांच्या आसपासच तेल सुटतें. त्याच्या पोटांतील दांडी सरकण्यास कांहीं किमान दाब लागतो, म्हणून अगदी हलका सांगाडा शेवटच्या वीतभर अंतरांत रेंगाळतो. ही उणीव म्हणण्याजोगी नव्हे. किंमत साध्यापेक्षां बरीच जास्त पडते, हें आम्ही लपवीत नाहीं. तरीहि ज्या ट्रॉलींत कधीं खत, कधीं मुरूम, कधीं गाळ भरला जातो, तिला झडपेसह हाच व्हॉल्व असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याची ट्रॉली वर्षभर एकच माल वाहते त्यानें एकमार्गीवर भागविलें तर आमची हरकत नाहीं. पण अशी ट्रॉली आपल्याकडे किती जणांची आहे?

माप निवडतांना मोठा तो चांगला ही समजूत सोडावी. दर मिनिटास ८० लिटरांचा व्हॉल्व घेऊन त्यांतून १६ लिटर काढावयाचे तर गुंडी जवळजवळ बंद ठेवावी लागते. तेथें केसभर फिरविली तरी गति दुप्पट-निमपट होते, आणि फट इतकी बारीक राहाते कीं तेलांतील एखादा कण अडकला तरी ट्रॉली वरच लटकून बसते. आपला आंकडा व्हॉल्वच्या मर्यादेच्या मध्याजवळ पडावा. दाब सोसण्याची शक्ति मात्र हात राखून घेऊं नये. ट्रॅक्टरांतील रिलीफ व्हॉल्व साधारणतः १५० ते २०० बारच्या आसपास लावलेला असतो. आपलें ओझें ७६ चें असलें, तरी जॅक टोंकास पोंचल्यावर ड्रायव्हरनें दांडा तसाच धरून ठेवला तर तो सर्व दाब व्हॉल्ववर येतो. म्हणून २५० बारांहून कमी ताकदीचा नग घेऊं नये.

दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकांतून एक निघणारा जॅक असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उतरतांना त्याची सर्वांत बारीक नळी बहुधा आधीं आंत जाते. बारीक नळींत तेल थोडें आणि दाब अधिक, म्हणून उतरण्याचा आरंभच सर्वांत वेगाचा होतो. ट्रॉली जितकी उंच, तितका तिचा पहिला झोंक मोठा. अशा जॅकास भरपाईचा व्हॉल्व अधिकच अगत्याचा आहे, आणि गति ठरवितांना सर्वांत बारीक नळीचा हिशेब करावा.

आतां जागेविषयीं, कारण उत्तम व्हॉल्व चुकीच्या जागीं बसला तर तो नसल्यासारखाच आहे. पुष्कळ ठिकाणीं व्हॉल्व ट्रॅक्टरच्या अंगास, ड्रायव्हरच्या हाताशीं बसवितात. तेथून जॅकपर्यंत रबरी होज असते. ती उन्हानें तडकते, चासीस घासते, उंदीरहि तिला सोडीत नाहींत. होज फुटली तर तेल व्हॉल्वपर्यंत पोंचण्यापूर्वींच बाहेर पडतें, आणि व्हॉल्व जागच्या जागीं शाबूत राहून ट्रॉली खालीं येते. म्हणून व्हॉल्व जॅकच्या बुडाच्या तोंडावरच, मध्यें रबराचा तुकडा न ठेवतां, पोलादी जोडानें बसवावा. त्याच तोंडाशीं होज फुटल्यास बंद होणारा एक वेगळा लहान व्हॉल्व मिळतो. प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं तो एकदम मिटतो. हा गति आवरीत नाहीं, तो फक्त अपघाताच्या वेळीं दार लावतो. म्हणून एकाच्या ऐवजीं दुसरा असें चालत नाहीं.

कांहीं शेतकरी म्हणतात, ट्रॅक्टरच्या आसनाखालीं उतरण्याची गति कमीजास्त करणारी गुंडी आधींच असते, मग दुसरी कशास? हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी १९३६ सालच्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरावर बाजारांत आली, व आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागील लिफ्टचा वंश तिच्यापासून चालत आला आहे. आसनाजवळची गुंडी त्या लिफ्टच्या हातांसाठीं, म्हणजे नांगर व रोटाव्हेटर हळू टेकावा यासाठीं असते. बाहेर काढलेल्या नळीवर ती चालेलच असें नाहीं. शिवाय ट्रॉली आज या ट्रॅक्टरच्या मागें तर उद्यां भावकींतील दुसऱ्याच्या मागें लागते. आवरण्याचें साधन ट्रॉलीचें स्वतःचें असलें पाहिजे.

ज्यांच्याकडे पुढील बाजूस बकेट असलेला लोडर आहे त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों, कीं तेथेंहि ओझें ज्या बाजूच्या तेलावर टेकलेलें असतें त्या बाजूचें बाहेर पडणारें तेल आवरावें, दुसऱ्या बाजूनें आंत जाणारें नव्हे. उतारावरील भरलेली गाडी पुढून दोर धरून आवरत नाहीं, मागूनच धरावी लागते. पुढून आवळलें तर ओझें तेलाच्या पुढें धांवतें, जॅकमध्यें पोकळी होते व बकेट झटके देत उतरते.

आमच्या घरच्या ट्रॉलीचा प्रकार येथें नमूद करणें अवश्य वाटतें. ज्या कारखानदारानें ती बांधून दिली त्याच्या बिलांत चाकांच्या नटांपर्यंत सर्व तपशील होता, पण जॅकच्या आवरणीबद्दल ‘व्हॉल्व, नग १’ एवढीच नोंद होती. माप नाहीं, प्रकार नाहीं, किती लिटरांचा तें नाहीं. कचेरींत अशी नोंद कोणा तलाठ्यानें आणली असती तर ती त्याच पावलीं परत गेली असती. रिकामी ट्रॉली ठीक उतरे. पहिल्याच उन्हाळ्यांत गाळाची खेप चिकटून राहिली व तशीच खालीं घ्यावी लागली, तेव्हां ती इतक्या जोरानें आदळली कीं चासीचा आडवा चॅनेल वांकला व दोन सांधे उकलले. सुदैवानें खालीं कोणी नव्हतें. उघडून पाहतां तो पाण्याच्या पाईपास लावण्याचा साधा सुईचा नग निघाला. कारखानदारास विचारलें असतां, ‘सगळ्यांना हाच देतों, कोणाची तक्रार नाहीं’, असें उत्तर मिळालें. हें उत्तर खरें असेल, आणि तेंच अधिक चिंता करण्याजोगें आहे.

हळू उतरली तर खेपा कमी होतील, हा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. दर खेपेस १५ सेकंद अधिक लागले व दिवसांत २० खेपा झाल्या, तर एकंदर पांच मिनिटें जातात. चहाच्या टपरीवर याहून अधिक वेळ जातो. दुसरा आक्षेप असा, कीं ड्रायव्हर हुशार असला म्हणजे तो दांडा थोडा थोडा सोडून हवी ती गति ठेवतो. हुशार ड्रायव्हर आम्हीं पाहिले आहेत व त्यांचें कौतुकहि करतों. पण तोच ड्रायव्हर रात्रीं दहा वाजतां, चौदावी खेप टाकतांना, मागें वळून पाहात असतां किती हुशार राहील हें सांगतां येत नाहीं. आणि सुगीच्या दिवसांत त्याच्या जागीं त्याचा सोळा वर्षांचा मुलगा बसलेला असतो.

एका गोष्टीविषयीं गैरसमज राहूं नये. फ्लो कंट्रोल व्हॉल्व गति आवरतो, ओझें धरून ठेवीत नाहीं. वर उचललेली ट्रॉली दांड्याच्या व्हॉल्वमधून थेंब थेंब तेल झिरपून हळूहळू खालीं सरकतेच. दुरुस्तीसाठीं अथवा ग्रीस भरण्यासाठीं खालीं जावयाचें असेल तर सांगाड्याखालीं चासीवर टेकणारा लोखंडी टेकू प्रथम लावावा. तो ट्रॉलीबरोबरच, बिजागरीनें जोडलेला, करून घ्यावा. लांकडाचा ओंडका चालत नाहीं. तेल कोठें झिरपतें तें हातानें चांचपून पाहूं नये; सुईएवढ्या छिद्रांतून दाबानें निघालेलें तेल कातडी भेदून आंत जातें, आणि वरून फक्त टांचणीएवढी खूण दिसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावें. असें तेल अंगांत गेलें तर दुखत नसलें तरी ताबडतोब इस्पितळांत जावें.

आपल्या संघाच्या कार्यकारी मंडळापुढें आमची सूचना अशी आहे. संघाच्या शिफारशीनें वा कर्जानें जी ट्रॉली घेतली जाईल तिच्या दरपत्रकांत चार गोष्टी लेखी असाव्यात : जॅकचा व्यास व लांबी, व्हॉल्वचा प्रकार, त्याची लिटरांची मर्यादा व दाब, तो जॅकच्या तोंडावरच बसविला आहे किंवा नाहीं, आणि होज फुटल्यास मिटणारा व्हॉल्व दिला आहे किंवा नाहीं. ताबा घेण्यापूर्वीं ट्रॉली एकदां रिकामी व एकदां एक ब्रास ओल्या मातीनें भरून, आसपास कोणी उभें नसतां, घड्याळ लावून उतरवून पाहावी. पहिली चांचणी सकाळीं गार तेलावर व दुसरी काम होऊन तेल तापल्यावर घेतली तर अधिक बरें, कारण गार तेल दाट असतें व तें मुळांतच हळू चालतें. दोन्ही वेळांत चार-पांच सेकंदांहून अधिक अंतर पडलें तर ट्रॉली परत करावी, आणि दोन्ही आंकडे फाळक्याच्या आंतील बाजूस रंगानें लिहून ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षीं पुनः मोजतांना ताडून पाहातां येतील. ज्यांच्या ट्रॉल्या जुन्या आहेत त्यांच्यासाठीं संघानें एकाच मापाचे वीस-पंचवीस व्हॉल्व एकदम मागविले तर किरकोळीपेक्षां दर खासच उतरेल. गाळ उपसण्याचें काम उन्हाळ्यांत सुरू होतें, म्हणून ही मागणी माघ महिना संपण्यापूर्वीं गेली पाहिजे.